४४३ नाबाद आणि विसरलेले ४५५

काठियावाड सर्वबाद २३८. महाराष्ट्र ४ बाद ८२६. भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३, कमल भांडारकर २०५. दुसऱ्या विकेटसाठी ४५५ धावा. निकाल : काठियावाडने सामना सोडून दिला.

पुण्यात १६ डिसेंबर १९४८ रोजी सुरू झालेल्या रणजी करंडकाच्या सामन्याचा हा ऐवज. यातली फक्त एक गोष्ट महाराष्ट्राने घरोघरी जपली. डॉन ब्रॅडमन यांचा ४५२ नाबादचा विश्वविक्रम मोडायला दहा धावा हव्या होत्या, प्रतिस्पर्धी संघ मैदानात उतरलाच नाही आणि विक्रम हुकला. ही हळहळ खरी आहे आणि तिला कारणही आहे. पण याच धावफलकात, दोन आकडे सोडून पुढे, एक विश्वविक्रम मोडलेला आहे. मोडणारे दोघे मराठी होते आणि मोडलेल्या विक्रमातला एक भागीदार खुद्द ब्रॅडमन होता. ती ओळ आपण वाचत नाही. हुकलेल्या दहा धावांसाठी पाऊण शतक हळहळलो आणि मिळवलेला विक्रम विसरून गेलो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

त्या डिसेंबरातला देशाचा नकाशा डोळ्यांसमोर आणल्याशिवाय हा धावफलक नीट वाचता येत नाही. महाराष्ट्र नावाचे राज्य तेव्हा नव्हते, पण महाराष्ट्र नावाचा क्रिकेट संघ होता. पुणे मुंबई प्रांतात होते. निंबाळकरांचे जन्मगाव कोल्हापूर अजून संस्थान होते. ते मुंबई प्रांतात विलीन झाले १ मार्च १९४९ला, म्हणजे या सामन्यानंतर अडीच महिन्यांनी. परभणी, नांदेड, औरंगाबाद, बीड हा सारा मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य तिथे शिरले, १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली, आणि डिसेंबरात परभणीचा कारभार मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी यांच्या लष्करी राजवटीखाली चालला होता. रझाकारांच्या भीतीने गाव सोडून गेलेली माणसे परतत होती. परभणीच्या मुलाने तेव्हा क्रिकेटचे स्वप्न पाहिले असते, तर त्याला हैदराबादचा संघ दिसला असता. हैदराबादने १९३७-३८ साली रणजी करंडक जिंकलाही होता. पुण्याचा संघ त्याच्या लेखी परमुलखातला.

समोरचा काठियावाडही तसाच संक्रमणात. फेब्रुवारी १९४८मध्ये तिथली संस्थाने एकत्र येऊन सौराष्ट्र झाले होते. राजकोटचे ठाकोरसाहेब संघाचे कर्णधार होते. वर्षाच्या सुरुवातीला त्यांच्याकडे राज्य होते. वर्षअखेरीला त्यांच्या हाताखाली उरला होता तो अकरा जणांचा संघ. पुढे जे घडले त्याचा विचार करताना ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

पुण्यात त्या काळी धावांचा पाऊस पडणे नवे नव्हते. प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला होता. त्यातल्या पहिल्या मोसमात विजय हजारेंनी पुण्यातच बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. रणजीतले ते पहिले त्रिशतक. देवधर स्वतः पन्नाशी ओलांडल्यावरही शतके काढत होते. १९४३-४४मध्ये मात्र हाच संघ मुंबईत चांगला भाजून निघाला. मुंबईने ७३५ केल्या आणि विजय मर्चंट ३५९ धावांवर नाबाद राहिले. भारतीय फलंदाजाची ती सर्वोच्च धावसंख्या ठरली आणि महाराष्ट्राच्या गोलंदाजांच्या नावावर ती लागली. मार्च १९४७मध्ये बडोद्याच्या हजारे आणि गुल महंमद यांनी होळकर संघाविरुद्ध चौथ्या विकेटसाठी ५७७ धावांची भागी रचली. ती जगातली सर्वांत मोठी भागी म्हणून २००६पर्यंत टिकली. मुंबई, पुणे, बडोदा, इंदूर या पट्ट्यात फलंदाज मोठ्या धावांना सरावले होते. खेळपट्ट्या निवांत होत्या, सामने लांबत होते आणि बाद फेरीत पहिल्या डावाची आघाडी निकालाला पुरत होती. त्यामुळे एकदा आघाडी मिळाली की डाव थांबवायची घाई कर्णधारांना नसे.

निंबाळकर तेव्हा नुकतेच २९ वर्षांचे झाले होते. १२ डिसेंबर १९१९चा जन्म. थोरले बंधू रावसाहेब निंबाळकर यष्टिरक्षक, बडोद्याचे नामांकित खेळाडू. भाऊसाहेबही बडोद्याकडून खेळले, नंतर महाराष्ट्र, होळकर, राजस्थान, रेल्वे असे अनेक संघ त्यांनी पाहिले. कोल्हापूरचे हे घराणे क्रिकेटमध्ये मुरलेले होते.

काठियावाडचा डाव २३८वर आटोपला. भांडारकर सलामीला आले, पहिली विकेट पडल्यावर निंबाळकर तिसऱ्या क्रमांकावर उतरले, आणि मग पुढची विकेट पडायला ४५५ धावा लागल्या.

या आकड्यापाशी जरा थांबू. दुसऱ्या विकेटच्या भागीचा प्रथम श्रेणीतला विश्वविक्रम १८९० साली आर्थर श्रूझबरी आणि विल्यम गन या नॉटिंगहॅमशायरच्या जोडीने ३९८वर नेऊन ठेवला होता. तो मोडायला चव्वेचाळीस वर्षे लागली. ऑगस्ट १९३४मध्ये लंडनच्या ओव्हलवर, इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत, बिल पॉन्सफर्ड आणि डॉन ब्रॅडमन यांनी ४५१ धावा जोडल्या. पॉन्सफर्ड २६६, ब्रॅडमन २४४. क्रिकेटमधली सर्वांत दबदब्याची जोडी, सर्वांत मोठा रंगमंच. त्या ४५१च्या पुढे चार धावा निंबाळकर आणि भांडारकर पुण्यात गेले. ज्या ब्रॅडमनला गाठता आले नाही म्हणून आपण हळहळतो, त्यांचाच एक विश्वविक्रम त्याच सामन्यात, त्याच फलंदाजाच्या बॅटने मागे पडलेला होता.

हा विक्रम अल्पायुषीही नव्हता. १९७४ साली बर्मिंगहॅममध्ये वॉरिकशायरच्या जॉन जेमसन आणि रोहन कन्हाय यांनी नाबाद ४६५ धावांची भागी केली, तोवर तो जगात पहिला होता. पंचवीस वर्षांहून अधिक काळ. भारतात तर तो १९९१-९२पर्यंत राहिला. त्या मोसमात आसामकडून खेळणारे झहीर आलम आणि मुंबईकर लालचंद राजपूत यांनी त्रिपुराविरुद्ध ४७५ धावा जोडल्या. म्हणजे चार दशकांहून जास्त काळ दुसऱ्या विकेटचा भारतीय विक्रम एका कोल्हापूरकराच्या आणि एका पुणेकराच्या नावावर होता. भांडारकर पुढे प्रशिक्षक म्हणून ओळखले गेले. या भागीतला त्यांचा वाटा किती जणांना आठवतो? द्विशतक काढणारा फलंदाज दुसऱ्या टोकाला एवढा वेळ उभा राहिला नसता, तर ४४३ झालेच नसते. धावफलकात त्यांचे २०५ ठळक लिहिलेले आहेत, आपल्या सांगण्यात मात्र ते गळून पडतात.

भांडारकर गेले तरी निंबाळकर थांबले नाहीत. मर्चंट यांचे ३५९ मागे पडले. मुंबईत महाराष्ट्राविरुद्ध झालेला भारतीय विक्रम महाराष्ट्राच्याच फलंदाजाने पाच वर्षांत परत आणला. चारशे झाले. इंग्लंडच्या आर्ची मॅकलॅरन यांचे १८९५चे ४२४ मागे गेले, पॉन्सफर्ड यांचे ४२९ आणि ४३७ मागे गेले. आता पुढे एकच आकडा उरला होता.

४९४ मिनिटे, ४९ चौकार, एक षटकार. एवढ्या तीन नोंदींवरून ती खेळी बरीचशी उभी करता येते. चौकारांच्या १९६ आणि षटकाराच्या सहा वजा केल्या तर २४१ धावा उरतात, त्या पळून काढलेल्या. भांडारकर आणि नंतरचे जोडीदार यांच्या धावांसाठी ते पळाले ते वेगळेच. सव्वाआठ तासांच्या या खेळीत त्यांनी तासाला चोपन्नच्या आसपास गतीने धावा केल्या. रेंगाळत साठवलेली ही धावसंख्या नाही. ब्रॅडमन यांनी जानेवारी १९३०मध्ये सिडनीला क्वीन्सलँडविरुद्ध नाबाद ४५२ केल्या, त्यातही चौकार बरोबर ४९च होते. ते अधिक वेगात खेळले, ४१५ मिनिटांत. सीमापार गेलेल्या चेंडूंच्या संख्येत मात्र पुणे आणि सिडनी जवळपास बरोबरीत आहेत, पुण्याकडे षटकार एक जास्त.

तिसऱ्या दिवशी मधली सुट्टी झाली तेव्हा महाराष्ट्र ४ बाद ८२६ होता. आघाडी ५८८ धावांची. ठाकोरसाहेबांनी महाराष्ट्राचे कर्णधार राजा गोखले यांच्यापुढे पर्याय ठेवला : डाव घोषित करा, नाहीतर आम्ही सामना सोडतो. विक्रमापुरती थोडीशी षटके खेळू द्या, अशी विनंती झाली. ती मानली गेली नाही. काठियावाडचा संघ सामान बांधून निघाला आणि स्कोअरबुकातली पुढची ओळ कोरी राहिली.

ठाकोरसाहेबांना आपण फार सहजपणे खलनायक करतो. त्यांची बाजू धावफलकातच आहे. सामना त्यांच्यासाठी केव्हाच संपला होता, आघाडी गेली होती आणि आघाडीवरच निकाल ठरायचा होता. त्यांच्या गोलंदाजांना चारच बळी मिळाले होते. निंबाळकर आणि भांडारकर या दोघांनीच मिळून ६४८ केल्या होत्या. आपल्या संघाविरुद्ध विश्वविक्रम झाल्याची नोंद कायमची राहील, ही धास्ती त्यांना वाटली असेल, तर ती मनुष्यस्वभावाला धरून होती. तरीही त्या दिवशी त्यांनी दोन षटके दिली असती तर बरे झाले असते, असेच मला वाटते. कारण नोंद राहायची ती राहिलीच. काठियावाडविरुद्ध ४४३, आणि शेजारी सामना सोडल्याची टीप. नाव वाचवायला म्हणून जे केले, त्यानेच ते नाव या गोष्टीला कायमचे चिकटले. ब्रॅडमन यांनी पुढे कौतुकाचा निरोप पाठवला, आपल्या खेळीपेक्षा ही खेळी सरस मानली, असे निंबाळकर शेवटपर्यंत अभिमानाने सांगत.

ही नोंद राहिली कशी, हेही सांगितले पाहिजे. क्रिकेटमध्ये दोन्ही संघांचे स्कोअरर शेजारी बसून प्रत्येक चेंडू दोन ठिकाणी लिहितात, फलंदाजाच्या रकान्यात आणि गोलंदाजाच्या रकान्यात. दिवसअखेर फलंदाजांच्या धावा आणि अवांतर धावा मिळून संघाची बेरीज यावी लागते. गोलंदाजांनी दिलेल्या धावांत बाय आणि लेगबाय मिळवूनही तीच बेरीज यावी लागते. दुकानातल्या रोजमेळासारखा जमाखर्च दोन्ही बाजूंनी जुळल्याशिवाय वही मिटत नाही. कोणी फुशारकीने चार धावा वाढवायच्या म्हटले तर दुसऱ्या रकान्यात त्या सापडत नाहीत. म्हणून पुण्यातल्या त्या ४४३वर आजवर कोणी शंका घेतलेली नाही.

हीच वही साता समुद्रापलीकडे जाऊन एका वेगळ्या खेळाची भाषा झाली. हेन्री चॅडविक हा १८२४ साली इंग्लंडात एक्सेटरला जन्मलेला, लहानपणीच आईवडिलांबरोबर ब्रुकलिनला गेलेला मुलगा. मोठेपणी तो न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांसाठी क्रिकेटच्या बातम्या लिहू लागला. १८५६ साली क्रिकेटचा सामना पाहून परतताना त्याला बेसबॉलचा सामना दिसला आणि तो त्या खेळात रमला. क्रिकेटच्या धावफलकाची सवय असलेल्या या वार्ताहराने १८५९मध्ये बेसबॉलचा सामना छोट्या चौकटीत बसवून छापला : कोणत्या खेळाडूने किती धावा केल्या, किती गडी बाद केले, किती चुका केल्या. अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉलच्या प्रत्येक सामन्याचा ‘बॉक्स स्कोअर’ पुढे याच रोपातून वाढला. त्यातही बेरीज दोन बाजूंनी जुळवून पाहण्याची रीत आहे. फलंदाजीला आलेल्यांची एकूण संख्या ही धावा काढलेले, बाद झालेले आणि मधल्या तळांवर अडकून राहिलेले यांच्या बेरजेइतकी भरली पाहिजे. क्रिकेटच्या घरातून गेलेली ही शिस्त तिथे आपल्यापेक्षा जास्त निगुतीने सांभाळली गेली.

तिथल्या एका कामाचा मला हेवा वाटतो. १९८९मध्ये डेलावेअर विद्यापीठातले जीवशास्त्राचे प्राध्यापक डेव्हिड स्मिथ यांनी रेट्रोशीट नावाची संस्था काढली. जुन्या सामन्यांच्या स्कोअरशीट संघांच्या कपाटांतून, वार्ताहरांच्या घरांतून, वर्तमानपत्रांच्या कात्रणांतून गोळा करायच्या आणि प्रत्येक सामना खेळीगणिक पुन्हा उभा करायचा. काम करणारे सारे स्वयंसेवक. आज विसाव्या शतकातल्या हजारो सामन्यांत अमुक डावात अमुक फलंदाजाने काय केले, हे कोणीही पाहू शकतो. आपल्याकडे मुंबईचे आनंदजी डोसा आणि त्यांच्या मागून सुधीर वैद्य यांनी एकहाती म्हणावे असे काम केले. वर्तमानपत्रे, वार्षिके, स्कोअरबुके चाळून भारतीय क्रिकेटचे आकडे जुळवले. पण ४४३च्या खेळीत निंबाळकरांनी किती चेंडू खेळले, याचा रकाना छापील धावफलकांत रिकामाच असतो. ब्रॅडमन यांच्या १९३०च्या खेळीचे चेंडू मोजलेले आहेत. फरक खेळाडूंच्या गुणवत्तेचा नाही, वह्या जपण्याचा आहे. आणि हे फक्त रणजीबद्दल नाही. परभणी, हिंगोली, जालना, बीड इथे पन्नास-साठ वर्षांत जिल्हा सामने झाले, शाळा-महाविद्यालयांच्या स्पर्धा झाल्या. त्या वह्या ज्यांच्या घरात माळ्यावर असतील त्यांनी त्या रद्दीत देण्याआधी एकदा तरी पानापानाचे छायाचित्र काढून ठेवावे. मराठवाड्यात क्रिकेट कसे रुजले याचा इतिहास लिहायचा झाला तर दुसरे साधन सापडणार नाही.

नोंदीत दोन धावांचा घोळ झाला तर काय होते, हे कराचीत दिसले. जानेवारी १९५९मध्ये हनीफ महंमद बहावलपूरविरुद्ध ब्रॅडमन यांच्या पुढे गेले. दिवस संपत आला होता आणि मैदानावरचा फलक त्यांची धावसंख्या ४९६ दाखवत होता, प्रत्यक्षात ती ४९८ होती. पाचशे गाठायला चार हव्यात या समजुतीने स्ट्राइक राखण्यासाठी ते दुसऱ्या धावेला पळाले आणि धावबाद झाले, ४९९वर. ब्रायन लाराने १९९४मध्ये डरहॅमविरुद्ध नाबाद ५०१ काढले तेव्हा कुठे तो आकडा ओलांडला गेला. जगातल्या यादीत आज लारा, हनीफ, ब्रॅडमन आणि चौथे निंबाळकर. रणजी करंडकात चारशेच्या पुढे गेलेला दुसरा फलंदाज अजून झालेला नाही.

त्याच १९४८-४९च्या मोसमात, मार्च महिन्यात, पुण्यातच महाराष्ट्राची उपांत्य फेरीत मुंबईशी गाठ पडली. मुंबई ६५१ आणि ८ बाद ७१४. महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. एका सामन्यात २३७६ धावा, प्रथम श्रेणी क्रिकेटमधला उच्चांक. दोन डावांत हजारावर धावा करून महाराष्ट्र ३५४ धावांनी हरला. डिसेंबरात ज्यांनी ८२६ केल्या, त्यांच्याच गोलंदाजांनी मार्चमध्ये १३६५ दिल्या. काठियावाडच्या क्षेत्ररक्षकांचे हाल त्यांना तेव्हा कळले असतील.

निंबाळकर ८० प्रथम श्रेणी सामने खेळले. ४८४१ धावा, सरासरी ४७.९३, बारा शतके, शिवाय मध्यमगती गोलंदाजीने अठ्ठावन्न बळी. अधिकृत कसोटी एकही नाही. कसोटी न खेळलेल्या फलंदाजाची जगातली सर्वोच्च धावसंख्या आजही त्यांचीच आहे. हजारे, मर्चंट, मोदी, अमरनाथ, फडकर, उम्रीगर अशा फलंदाजांची दाटी असलेल्या त्या काळात जागा मिळणे अवघड होते हे मान्य केले, तरी एक संधी त्यांना मिळायलाच हवी होती. भारतीय क्रिकेट मंडळाने उतारवयात सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. ११ डिसेंबर २०१२ रोजी, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, कोल्हापुरात त्यांचे निधन झाले.

त्यानंतर चार वर्षांनी, ऑक्टोबर २०१६मध्ये, मुंबईत वानखेडे मैदानावर महाराष्ट्र दिल्लीविरुद्ध खेळत होता. कर्णधार स्वप्निल गुगळे आणि मराठवाड्यातल्या पैठणचा अंकित बावणे यांनी तिसऱ्या विकेटसाठी ५९४ धावा जोडल्या, दोघेही नाबाद. गुगळे ३५१, बावणे २५८. १९४८ साली लष्करी अंमलाखाली असलेल्या मुलखातला खेळाडू आता महाराष्ट्राच्या धावफलकात होता. हजारे आणि गुल महंमद यांचे ५७७ मागे पडले होते. संगकारा आणि जयवर्धने यांचा २००६चा ६२४ धावांचा विश्वविक्रम मोडायला ३१ धावा हव्या होत्या, दिल्लीचा संघ मैदानात उभा होता, कोणी सामना सोडलेला नव्हता. गुगळेंनी स्वतः डाव घोषित केला, २ बाद ६३५वर. दिल्लीचे बळी काढायला वेळ हवा होता. दिल्लीने ५९० केल्या, त्यात ऋषभ पंतचे त्रिशतक होते. सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावाची आघाडी महाराष्ट्राने ४५ धावांनी मिळवली.